गर्भपात आणि फाशी : दोन्हीकडे एकच माप लावायचं म्हणजे काय? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी जिल्हा न्यायालयात वकिली करते आणि कॉलेजांतून कायद्याची शिबिरं घेते. शिबिर संपलं की टेबलावर चिठ्ठ्या जमतात, त्यानंतर आठवडाभर व्हॉट्सअ‍ॅपवर प्रश्न येत राहतात. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. माझं मत आधीच सांगते, म्हणजे वाचणाऱ्याला ते शोधत बसावं लागणार नाही : फाशी नको, आणि गर्भपाताचा निर्णय बाईचा असावा. मात्र या मताला कुठे कुठे टोचतं, तेही खाली लिहिलं आहे.

१. हे दोन वेगळे विषय आहेत. ते एकत्र का आणता?

कारण दोन्हीकडचे लोक सुरुवात एकाच वाक्याने करतात : ‘जीव घेणं वाईट.’ सोनोग्राफीच्या खोलीबाहेर हे वाक्य म्हणणारा माणूस संध्याकाळी टीव्हीसमोर ‘लटकवा त्याला’ म्हणतो. उलटही घडतं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं आपण तत्त्वांच्या बाबतीतही करतो.

दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर दिलं म्हणजे सुसंगती साधली, असं मात्र नाही. एका ठिकाणी जे कारण देता तेच दुसऱ्या ठिकाणी लावून बघायचं, आणि तिथे ते लागू पडत नसेल तर का पडत नाही ते सांगता यायला हवं. ‘चूक झाली तर दुरुस्त करता येत नाही’ हे फाशीविरुद्धचं कारण गर्भपातालाही लागतं का? ‘निष्पाप आहे’ हे गर्भाच्या बाजूचं कारण बलात्कारातून राहिलेल्या गर्भालाही लागतं का? खालचे बहुतेक प्रश्न याच प्रकारचे आहेत.

२. गर्भपाताला विरोध आणि फाशीला पाठिंबा, हा सरळ दुटप्पीपणा नाही का?

हा प्रश्न अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या, ह्यूस्टन-डॅलसच्या मराठी मंडळींकडून जास्त येतो, आणि त्याचं कारण उघड आहे. १९७६ नंतर अमेरिकेत सर्वाधिक मृत्युदंड टेक्सासने अमलात आणले, आणि गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेणाऱ्या, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या डॉब्स निकालानंतर टेक्सासमध्ये गर्भपातावर जवळपास पूर्ण बंदी आहे.

तरीही मी याला लगेच दुटप्पी म्हणणार नाही. या लोकांचं उत्तर असतं : गर्भाने काही केलेलं नाही, खुन्याने केलं आहे. ते ‘जीव घेऊ नये’ म्हणत नाहीत, ‘निष्पाप जीव घेऊ नये’ म्हणतात, आणि या वाक्यात विसंगती नाही. त्यांची खरी परीक्षा पुढे आहे. फासावर जाणारा प्रत्येक जण दोषीच आहे, ही खात्री ते कुठून आणतात? महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात ही खात्री कशी फसली ते प्रश्न ९ मध्ये आहे.

३. मग तुमचं काय? खुन्याला वाचवता आणि पोटातल्या बाळाला नाही?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि बहुतेकदा रागाने येतो. राग मला समजतो.

‘जीव पवित्र असतो’ या पायावर मी फाशीला विरोध करत नाही. केला असता, तर हा प्रश्न मला निरुत्तर करून गेला असता. माझा पाया वेगळा आहे : पूर्णपणे आपल्या ताब्यात असलेल्या, हातपाय बांधलेल्या माणसाला ठार करण्याचा अधिकार सरकारला नसावा. त्याला तुरुंगात ठेवून समाजाचं रक्षण होऊ शकतं. आणि बाईच्या मनाविरुद्ध तिचं शरीर नऊ महिने राबवून घेण्याचाही अधिकार सरकारला नसावा. दोन्हीकडे मी एकाच सत्तेला माणसाच्या शरीरापाशी अडवते आहे.

हे सगळ्यांना पटेल असं नाही. गर्भ पहिल्या दिवसापासून पूर्ण माणूस आहे असं जो मानतो, त्याला माझं म्हणणं अपुरंच वाटणार. मी तसं मानत नाही. पण पहिल्या आठवड्यातला गर्भ आणि तिसाव्या आठवड्यातला गर्भ एकच आहे, असंही मी मानत नाही. त्यातून येणारी अडचण प्रश्न १३ मध्ये आहे.

४. दोन्हींना विरोध, हीच एक स्वच्छ भूमिका नाही का?

वसई आणि गोव्यातल्या कॅथलिक मंडळींकडून हा प्रश्न हमखास येतो. डिसेंबर १९८३ मध्ये शिकागोचे कार्डिनल जोसेफ बर्नार्डिन यांनी न्यूयॉर्कच्या फोर्डम विद्यापीठात ही भूमिका मांडली. गर्भपात, फाशी, युद्ध हे सगळे प्रश्न शिवण नसलेल्या एकाच अखंड वस्त्राचे भाग आहेत, एक धागा ओढला की सगळं वस्त्र ओढलं जातं, असा त्यांच्या मांडणीचा गाभा. २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात बदल करून फाशी कोणत्याही परिस्थितीत मान्य नाही, असं लिहवून घेतलं. या भूमिकेबद्दल मला आदर आहे. सोयीपुरतं तत्त्व वापरणाऱ्यांपेक्षा हे लोक कितीतरी पुढे आहेत.

पण ही भूमिका एका देशाने घटनेत लिहिली, तेव्हा काय झालं ते पाहा. आयर्लंडने १९८३ च्या दुरुस्तीने गर्भाला आईइतकाच जगण्याचा हक्क दिला आणि २००१ मध्ये सार्वमत घेऊन फाशीवरही घटनेतच बंदी घातली. ऑक्टोबर २०१२ मध्ये गॉलवे शहरात सविता हलप्पनवार इस्पितळात दाखल झाली. ती मूळची बेळगावची, दंतवैद्य, ३१ वर्षांची, १७ आठवड्यांची गरोदर. गर्भ वाचणार नाही हे सगळ्यांना कळलेलं होतं. पण गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू होते, म्हणून तिने मागूनही गर्भपात नाकारला गेला. जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि २८ ऑक्टोबरला ती गेली. २५ मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के लोकांनी गर्भाला हक्क देणारी ती दुरुस्ती काढून टाकली.

या भूमिकेत तर्काची चूक नाही. पण तिच्या अंमलात कोणाचं शरीर पणाला लागतं, हे ती पुरेसं बघत नाही. फाशी रद्द केल्याने कोणाच्याही शरीरावर काही लादलं जात नाही. गर्भपात बंद केला की लादलं जातं, आणि ते फक्त बाईवर.

५. आणि दोन्हींना पाठिंबा?

भारताचा कायदाही फाशी ठेवतो आणि अटींसह गर्भपाताला वाट देतो, म्हणून या भूमिकेला विचित्र म्हणायचं कारण नाही. समाजाच्या हिताचं गणित मांडणारा माणूस दोन्हींना हो म्हणू शकतो. मी त्याला एवढंच विचारते : फाशीने गुन्हे थांबतात, असं तुमच्या गणितात धरलं आहे का? २०१५ मध्ये न्या. अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने २६२ व्या अहवालात म्हटलं की फाशीचा धाक जन्मठेपेपेक्षा जास्त नाही. ते गृहीत काढलं की गणित पुन्हा मांडावं लागतं.

६. भारतात गर्भपात हा बाईचा हक्क आहे ना?

तितका सरळ नाही. गर्भपात हा आपल्याकडे मुळात गुन्हाच आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ३१२ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८८. स्वतःचा गर्भ पाडणारी बाईसुद्धा त्यात येते. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याने या गुन्ह्यातून डॉक्टरांना वाट करून दिली. ज्या समितीच्या अहवालावर तो कायदा उभा राहिला, तिचे अध्यक्ष महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा होते.

२०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांत दोन डॉक्टरांचं मत लागतं, आणि तेही बलात्कारपीडित, अल्पवयीन, घटस्फोटित वा विधवा झालेली, अपंग अशा ठरावीक स्त्रियांसाठी. गर्भात गंभीर व्यंग असल्याचं वैद्यकीय मंडळाने सांगितलं, तर आठवड्यांची मर्यादा नाही. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही २४ आठवड्यांपर्यंतची वाट मोकळी केली.

म्हणजे कायदा ‘तिने ठरवलं’ एवढ्यावर थांबत नाही, ‘डॉक्टरला पटलं’ असं म्हणतो. माझ्या दृष्टीने हीच त्याची मोठी उणीव आहे.

७. नवऱ्याची सही लागते का?

नाही. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची किंवा सासूची सही मागणारे दवाखाने मी पाहिले आहेत. कायद्यात तसं काहीही नाही.

८. फाशी नेमकी कधी देतात?

खुनाला नेहमीची शिक्षा जन्मठेप आहे, फाशी अपवाद. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८० च्या बच्चन सिंग निकालात पाच न्यायमूर्तींपैकी चौघांनी फाशी घटनेला धरून आहे असं म्हटलं, पण ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ प्रकरणातच, जिथे दुसरा कोणताच पर्याय उरत नाही तिथे. पाचवे न्या. भगवती यांनी वेगळं मत दिलं : कोणाला फाशी होईल हे कुठल्या न्यायाधीशापुढे खटला जातो यावर अवलंबून राहणार असेल, तर ती मनमानी आहे.

हे ‘दुर्मिळ’ कसं ठरतं ते जवळून सांगते. एका खटल्यात दोषसिद्धी झाली आणि त्याच दिवशी शिक्षेवर सुनावणी. आरोपीला विचारलं, काही म्हणायचं आहे का? तो म्हणाला, ‘घरी म्हातारी आई आहे.’ तेवढंच नोंदीत गेलं. ती आई बाहेर बाकावर बसली होती. तिच्या मांडीवरच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत रेशनकार्डाच्या घडीत त्याचा शाळा सोडल्याचा दाखला होता, तिसरीतून नाव कमी केल्याचा. तो कोणी मागितलाच नव्हता. मे २०२२ मध्ये ‘मनोज विरुद्ध मध्य प्रदेश’ या खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आरोपीचं बालपण, मानसिक स्थिती, तुरुंगातली वागणूक ही माहिती खटल्याच्या पातळीवरच मागवली पाहिजे. ती पिशवी मला त्या दिवशी पुन्हा आठवली.

९. निकाल चुकला तर? आणि गर्भपाताचा निर्णयही चुकू शकतोच की.

आधी फाशीचं. २००३ मध्ये नाशिक भागात घडलेल्या खून-बलात्काराच्या प्रकरणात भटक्या जमातीच्या सहा जणांना सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची कायम ठेवली, तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. सर्वांत वरच्या न्यायालयाने शिक्षा कमी केली नाही, वाढवली. मग फेरविचार झाला आणि मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. त्यांतला एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई मिळाली. सोळा वर्षं गेली होती. मधल्या काळात दोर ओढला गेला असता, तर भरपाई घ्यायला कोण आलं असतं?

आता गर्भपात. तोही परत फिरवता येत नाही, हे खरं आहे, आणि नंतर हळहळणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. पण इथे चुकीचा भार जी ठरवते तीच उचलते. फाशीत न्यायाधीश, पोलीस, साक्षीदार चुकतात आणि मरतो तिसराच. त्यामुळे ‘दुरुस्त न होणारी चूक’ हे कारण दोन्हीकडे सारख्या वजनाचं नाही. गर्भाला पूर्ण माणूस मानणारा म्हणेल की तिथेही तिसराच मरतो. त्याच्या बाजूने ते बरोबर आहे. आमच्यातला मतभेद चुकीबद्दल नाहीच, गर्भ कोण आहे याबद्दल आहे.

१०. हे सगळे पाश्चात्त्यांचे वाद. आपल्याकडे कोणी याचा विचार केला होता?

केला होता, आणि मराठीत. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशी सुनावली गेली. अपिलात फाशीची शिक्षा काळ्या पाण्याची झाली. वर्तमानपत्रांनी बायकांच्या नीतीवर झोड उठवली. त्यावर बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. पुनर्विवाहाची वाट बंद करणारे आणि बाईला नादी लावून पळणारे पुरुष मोकळे, आणि दोर फक्त बाईच्या गळ्यात, हा त्यांचा सवाल. मूल मारणं बरोबर, असं त्या म्हणत नव्हत्या. कोंडीत पकडणाऱ्यांनीच न्याय करायला बसू नये, हे त्यांना म्हणायचं होतं.

त्याच्याही आधी, १८६३ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवेने गुपचूप यावं, बाळंत व्हावं, मूल ठेवून जावं. त्यांनी दत्तक घेतलेला यशवंत अशाच एका विधवेचा मुलगा. ज्याला खरोखर बालजीव वाचवायचा आहे, त्याने आधी बाईसाठी दार उघडायचं. गर्भपाताला विरोध करणाऱ्या प्रत्येकाला मी विचारते : तुमचं असं दार कुठे आहे?

आणि फाशीबद्दल : ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत सर्वोच्च न्यायालयाकडे अपिलाचा हक्क किती असावा यावर चर्चा चालू असताना डॉ. आंबेडकरांनी सांगितलं की त्यापेक्षा फाशीच रद्द करण्याला आपला पाठिंबा असेल, अहिंसा मानणाऱ्या देशाला तेच शोभेल.

११. गर्भपाताला विरोध, पण बलात्कार झाला असेल तर चालेल, हे सुसंगत आहे का?

‘निष्पाप जीव’ हेच कारण असेल (प्रश्न २), तर नाही. बलात्कारातून राहिलेला गर्भ तितकाच निष्पाप असतो. हा अपवाद मान्य करणारा माणूस नकळत कबूल करतो की बाईवर काय गुदरतं यालाही वजन आहे. मग प्रश्न किती वजन, एवढाच उरतो.

आपल्याकडे त्या अत्याचाऱ्याला फाशी द्यायला सगळे तयार असतात. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्र विधानसभेने शक्ती विधेयक एकमताने मंजूर केलं, त्यात काही बलात्कारांना फाशीची तरतूद होती. पण पीडितेला वेळेत दवाखान्यात पोचवणाऱ्या यंत्रणेबद्दल तेवढं एकमत मला कधी दिसलं नाही. २०२४ मध्ये मुंबईजवळची १४ वर्षांची अत्याचारपीडित मुलगी न्यायालयात पोचली तेव्हा गर्भ ३० आठवड्यांच्या घरात होता. उच्च न्यायालयाने नकार दिला, सर्वोच्च न्यायालयाने २२ एप्रिलला परवानगी दिली, आणि मुलीच्या जिवाच्या काळजीने आईवडिलांचा विचार बदलल्यावर २९ एप्रिलला ती मागे घेतली. अशा याचिकेच्या मसुद्यात ‘गर्भ … आठवड्यांचा’ ही जागा मी कोरी ठेवते. सुनावणीच्या सकाळी पेनाने आकडा भरायचा, कारण टाइप केलेला आकडा तारीख पडेपर्यंत जुना झालेला असतो.

१२. ‘निर्णय बाईचा’ म्हणता. मग मुलगी आहे म्हणून पाडला तर?

इथे मला सर्वांत जास्त टोचतं. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात ० ते ६ वयोगटात हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. मार्च २०१७ मध्ये सांगलीच्या म्हैसाळ गावात पुरलेले १९ भ्रूण सापडले. ‘तिची मर्जी’ म्हणून मी यावरून पुढे जाऊ शकत नाही.

माझं उत्तर कायद्याने जिथे बोट ठेवलं आहे तिथेच आहे. महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वांत आधी गर्भलिंगनिदानावर कायदा केला, केंद्राने १९९४ मध्ये. दोन्ही कायद्यांनी गर्भपाताला नव्हे, लिंगनिदानाला गुन्हा ठरवलं. पकडायचं ते यंत्र चालवणाऱ्याला आणि सांगणाऱ्याला. दोन मुलींनंतर तिसऱ्यांदा टेबलावर झोपलेल्या बाईने तो ‘निर्णय’ घेतला, असं म्हणणं मला खोटं वाटतं. घरातल्या चौघांनी घेतलेला निर्णय तिच्या अंगठ्याने कागदावर उतरलेला असतो. तरीही स्वतःच्या इच्छेने मुलगी नको म्हणणाऱ्या बाईबद्दल माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. ते चूक आहे असं मी म्हणते, आणि तिला तुरुंगात टाकू नका असंही म्हणते.

एक विनंती : ‘स्त्रीभ्रूणहत्या’ या शब्दामुळे प्रत्येक गर्भपात हत्या वाटू लागला आहे आणि कायदेशीर गर्भपाताला आलेल्या मुलीही दवाखान्यातून परत पाठवल्या जातात. ‘लिंगनिवड’ म्हणा.

१३. गर्भ जगू शकेल इतका वाढला असेल तर? आणि अपंग मूल असेल तर?

ऑक्टोबर २०२३ मध्ये दोन मुलांच्या आईने २६ आठवड्यांचा गर्भ पाडण्याची परवानगी मागितली. प्रसूतीनंतरच्या मानसिक आजारावर तिचे उपचार चालू होते. आधी सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली. मग डॉक्टरांनी विचारलं, गर्भ जिवंत बाहेर येऊ शकतो, तर ठोके थांबवायचे का? दोन न्यायमूर्तींची मतं फुटली : न्या. हिमा कोहली नको म्हणाल्या, न्या. नागरत्ना बाईच्या बाजूने राहिल्या. १६ ऑक्टोबरला तिघांच्या पीठाने परवानगी नाकारली.

मी शरीरावरचा हक्क म्हणते (प्रश्न ३), म्हणून हे मला मान्य करावं लागतं : गरोदरपण संपवण्याचा हक्क वेगळा आणि मूल मरावं असा हक्क वेगळा. जिवंत राहू शकणारं मूल बाहेर काढून त्याची जबाबदारी सरकारने घेतली, तर माझं तत्त्व मोडत नाही. मात्र तेव्हा बाईला बाळंतपणाच्या सगळ्या धोक्यांतून नेलं जातं, हे विसरू नये.

व्यंगाबद्दल कायदा स्वतःच विसंगत आहे. निरोगी गर्भाला २४ आठवड्यांनंतर संरक्षण, व्यंग असलेल्याला कधीच नाही. अपंग हक्कांसाठी लढणारी मंडळी विचारतात, आमचा जीव कमी मोलाचा आहे का? त्यांचा प्रश्न बरोबर आहे. मर्यादा असेल तर सगळ्यांना एक असावी, असं मला वाटतं. फक्त जन्मल्यावर जगूच न शकणाऱ्या गर्भाचा अपवाद ठेवावा.

१४. कसाबसुद्धा नको होता का फासावर?

नको होता. २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात त्याला फाशी झाली तेव्हाही माझं मत हेच होतं, आणि शेजाऱ्यांशी त्यावरून अबोला झाला होता. विधी आयोगाने (प्रश्न ५) दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध वगळून बाकी फाशी रद्द करायला सांगितलं. हा अपवाद मला राजकीय तडजोड वाटतो. तत्त्व सर्वांत नकोशा माणसापाशी थांबत असेल, तर ते बाकीच्यांपाशीही फार काळ टिकत नाही.

१५. तुमच्या मुलीला कोणी मारलं असतं तर?

तर मी त्याला मारायला धावले असते. म्हणूनच न्यायाधीशाच्या खुर्चीत मला बसवू नये.

१६. गरोदर बाईला फाशी सुनावली तर काय होतं?

तिची शिक्षा जन्मठेपेत बदलते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४५६ नुसार फाशी सुनावलेली बाई गरोदर असल्याचं आढळलं, तर उच्च न्यायालयाने शिक्षा कमी केलीच पाहिजे. हे बंधन आधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत २००९ च्या अखेरीस आलं. त्याआधी न्यायालयाने फाशी पुढे ढकलायची, आणि वाटलं तर कमी करायची. म्हणजे बाळंत होऊ द्यायचं आणि मग आईला लटकवायचं, हेही त्या कायद्यात बसत होतं. गर्भाची काळजी होती, जन्मलेल्या बाळाला आई लागते याची नव्हती.

आता गुंतागुंतीचा भाग. शिक्षेच्या आधीच बाळंत झालेल्या बाईला हे कलम लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निकालानुसार मूल सहा वर्षांचं होईपर्यंत तुरुंगात आईजवळ राहू शकतं. कैदेत असलेल्या गरोदर बाईलाही गर्भपात मागता येतो, तिथे तोच १९७१ चा कायदा लागतो. पण खुनाच्या खटल्यातल्या बाईने तो करून घेतला, तर या कलमाचं संरक्षणही त्याबरोबर जातं. आपल्या कायद्यात गर्भपात आणि फाशी एकमेकांना थेट भेटतात ती जागा ही, आणि तिथे बाईला गर्भ ठेवण्याचं कारण तिचा स्वतःचा गळा हे असतं.